जुन्या पिकअपचा हीटर कोअर

हीटर कोअर म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डमागे, प्लॅस्टिकच्या बंद पेटीत बसवलेला लहानसा रेडिएटर. वीतभर लांब-रुंद, दोन-अडीच बोटे जाड. इंजिनातले गरम पाणी एका नळीने त्यात येते, बारीक नळ्यांच्या ओळींतून फिरते आणि दुसऱ्या नळीने वॉटर पंपाकडे परत जाते. नळ्यांच्या मधोमध पातळ पत्र्याच्या पन्हळी पात्या असतात. ब्लोअर त्या पात्यांमधून हवा ढकलतो, ती तापते आणि पायांकडे किंवा समोरच्या काचेकडे सोडली जाते. यासाठी वेगळे इंधन लागत नाही. डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो, तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला पाण्याकडून रेडिएटरमार्फत बाहेर टाकावा लागतो. या टाकून द्यायच्या उष्णतेतली थोडीशी केबिनमध्ये वळवून घेणे एवढेच हीटरचे काम.

म्हणजे हा भाग बसतो केबिनमध्ये, पण त्याचे नाते सगळे इंजिनाशी. त्यातून गळणारे पाणी इंजिनाचे असते आणि तो कुजतो तोही इंजिनात वर्षानुवर्षे ओतल्या गेलेल्या पाण्यामुळे. ही गोष्ट लक्षात न घेता केलेली दुरुस्ती फार टिकत नाही. नवा कोअर बसतो, जुने गढूळ पाणी त्यातच फिरू लागते आणि थोड्याच काळात तोच डॅशबोर्ड पुन्हा उघडावा लागतो.

पुण्यासारख्या गावात हीटरची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. १७ जानेवारी १९३५ रोजी येथे १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, पण एरवी हिवाळ्यातल्या पहाटेचा पारा आठ-दहा अंशांच्या खाली क्वचित जातो. पिकअपच्या साध्या आवृत्त्यांत तर हीटर नसायचाही. तरीही पहाटे नारायणगावहून टोमॅटो घेऊन निघालेल्या चालकाला डिसेंबर-जानेवारीत हीटर हवासा वाटतो. पावसाळ्यात तर ताम्हिणीच्या घाटात काचेच्या आतल्या बाजूला धरणारे धुके पुसून पुसून पुन्हा येते. तिथे गरम हवा हा सुरक्षिततेचाच भाग होतो: हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता वाढते आणि काचेवरचा थर काही मिनिटांत उडतो. टेल्कोने १९८८ मध्ये पुण्यातून बाजारात आणलेली टाटा मोबाईल २०६, तिच्यामागून आलेली २०७ आणि महिंद्राच्या पिकअप या मालवाहतुकीतल्या ओळखीच्या गाड्या. त्यांपैकी ज्यांत हीटर आहे, त्यांची रचना मूलतः खाली वर्णिलेल्या प्रकारचीच असते. तपशिलात गाडीगणिक फरक पडतो.

पुण्याच्या मंडईत माल आणणाऱ्या गाडीचे आयुष्य तिच्या पाण्याची दुहेरी परीक्षा पाहणारे असते. १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिलेली आणि पुढे महात्मा फुले मंडई झालेली ही दगडी इमारत, तिच्या भोवतीच्या शुक्रवार, बुधवार आणि रविवार पेठा, बोहरी आळी, तुळशीबाग हा सगळा भाग मोटारी येण्यापूर्वीच वसला, त्यामुळे तिथे मोटारींना पुरेशी जागा नाही. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यापासून बराचसा माल तिथून लहान खेपांनी मंडईत येतो. या खेपांत गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते. रेडिएटरवर वारा येत नाही, इंजिनाचा पंखा संथ फिरत असतो आणि पाणी हळूहळू चढत्या तापमानावर तासभर उकडत राहते. दुसरी परीक्षा घाटाची. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून हापूसच्या पेट्या भरून ताम्हिणी चढणारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण भाराने, भर उन्हात घाट ओढते.

घाटात काटा लाल खुणेकडे सरकू लागला की अनुभवी चालक हीटर पूर्ण उघडतात आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर लावतात. केबिनमध्ये बसवत नाही, पण काटा बहुधा खाली येतो, कारण हीटर कोअर हा खरोखरच दुसरा, छोटा रेडिएटर आहे. हा उपाय शास्त्राला धरून आहे. मात्र कोअर बंद करून टाकलेल्या गाडीत तो उपलब्ध नसतो.

कोअर बिघडतो तो दोन प्रकारे: गळतो किंवा तुंबतो. गळतीची पहिली खूण बहुधा नाकाला कळते. ब्लोअर लावल्यावर केबिनमध्ये गोडसर, किंचित तेलकट वास येतो. समोरच्या काचेवर चिकट थर बसतो, जो फडक्याने पुसला तर पसरतो. डाव्या सीटपुढची चटई ओली लागते आणि ती ओल बोटांना बुळबुळीत जाणवते. रेडिएटरच्या बाटलीतली पातळी दर काही दिवसांनी खाली जाते, पण गाडीखाली जमिनीवर थेंब दिसत नाही. एसी असलेल्या गाडीत इथे फसगत होते, कारण एसीचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तरी हीच चटई भिजते. ते पाणी मात्र स्वच्छ, बिनवासाचे आणि पटकन वाळणारे असते. इंजिनाचे पाणी, म्हणजे कूलंट, वाळले तरी रंग आणि चिकटपणा मागे ठेवते.

तुंबलेला कोअर वेगळ्या प्रकारे बोलतो. इंजिन पूर्ण तापले, हीटर उघडा आहे आणि तरी हवा कोमट येते. अशा वेळी बोनेट उघडून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन्ही नळ्या पंख्याच्या पात्यांपासून हात जपून चाचपायच्या. दोन्ही सारख्या गरम असतील तर पाणी नीट फिरत आहे आणि दोष आतल्या झडपेचा किंवा तिच्या तारेचा आहे. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर पाणी वाटेत अडले आहे. मात्र कोअरला दोष देण्यापूर्वी नळीवरचा हीटरचा कॉक तपासावा. अनेक जुन्या गाड्यांत तो डॅशबोर्डवरच्या दांडीने, तारेच्या ओढीवर उघडतो आणि वर्षभर न वापरल्याने गंजून बसतो. दोन्ही नळ्या गार असतील तर पाण्याची पातळी खाली गेलेली असू शकते, किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. थर्मोस्टॅट ही मेणाच्या फुगण्यावर चालणारी झडप आहे. ती साधारण ८० ते ८८ अंशांना उघडते आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ‘इंजिन लवकर तापू नये’ म्हणून ती काढून टाकण्याची पद्धत गॅरेजांत अजून आहे. तिने इंजिन कायम थंडगार चालते, डिझेल जास्त जळते, झीज वाढते आणि हीटर तर कधीच गरम होत नाही. थर्मोस्टॅट काढणे ही दुरुस्ती नव्हे, नुकसान आहे.

गळतीची खात्री करायची तर गाडी थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा दाबमापक बसवतात आणि झाकणावर छापलेल्या दाबाएवढा दाब देऊन पंधरा-वीस मिनिटे काट्याकडे लक्ष ठेवतात. बाहेर कुठेच थेंब नाही आणि काटा मात्र उतरतो आहे, तर पाणी एकतर हीटर कोअरमधून किंवा हेड गॅस्केटमधून जात आहे. हीटरच्या दोन्ही नळ्या कोअरपासून वेगळ्या करून, त्यांची तोंडे बंद करून पुन्हा दाब दिला की उत्तर मिळते.

गळतीवर हळदीचा उपाय महामार्गांवर पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की तिचे कण फुगून बारीक छिद्रात अडकतात आणि गळती थांबते. मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरती ही युक्ती खरी आहे. पण हळदीला किंवा बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पुडीला भोक कोणते आणि वाट कोणती हे कळत नाही. संपूर्ण पाणीव्यवस्थेत सर्वांत अरुंद वाटा हीटर कोअरच्या नळ्यांच्या असतात आणि तो गाळ आधी तिथेच साचतो. तुंबलेल्या कोअरमागे पुष्कळदा अशी जुनी पुडी निघते.

कोअर कशाचा बनलेला आहे, यावर त्याची दुरुस्ती होईल की नाही हे ठरते. जुने कोअर तांब्या-पितळेचे असत. नळ्या आणि टाक्या पितळेच्या, पात्या तांब्याच्या आणि सगळे कथील-शिशाच्या डागाने जोडलेले. तांबे उष्णता उत्तम वाहते. ॲल्युमिनियमची वाहकता त्याच्या साधारण साठ टक्के भरते. तांब्या-पितळेचा मोठा गुण म्हणजे ते दुरुस्त होते. कथील-शिशाचा डाग साधारण दोनशे अंशांच्या आत वितळू लागतो, त्यामुळे गॅसच्या ज्योतीवर, आम्ल किंवा नवसागराने पृष्ठभाग साफ करून, फुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याला मठारून आकार देण्याचे काम चालत आले आहे. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांचा धंदा वेगळा, पण धातू तोच आणि ज्योतीचा रंग पाहून डाग कधी धरेल हे ओळखण्याची हातोटी त्याच जातीची. चांगला कारागीर कोअरच्या टाक्या उघडून नळ्यांतून पातळ पट्टी फिरवतो, क्षार काढतो, पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासतो आणि मगच परत देतो. तांब्या-पितळेचा मूळ कोअर हाताशी असेल, तर तो फेकून देण्यापूर्वी अशा कारागिराला अवश्य दाखवावा. त्याच्या तोडीचा नवा मिळेलच असे नाही.

नंतरच्या काळात कोअर ॲल्युमिनियमचे झाले. नळ्या-पात्या भट्टीत सुमारे सहाशे अंशांना जोडलेल्या, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या, मध्ये रबरी सील. हा कोअर हलका आणि स्वस्त असतो. मात्र ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशांना वितळते. म्हणजे जोड वितळण्याचे आणि धातूच वितळण्याचे तापमान जवळजवळ सारखे. साध्या ज्योतीवर तो जोडू पाहणारा बहुधा भोक मोठे करून ठेवतो. असा कोअर गळला की बदलायचाच.

सुटा भाग शोधायचा तर नाना पेठेतल्या दुकानांत. जुन्या गाडीचे मूळ सामान मिळणे दरवेळी शक्य नसते, म्हणून आधी जुना कोअर बाहेर काढून सोबत न्यावा आणि चार गोष्टी जुळवून पाहाव्यात: लांबी-रुंदी, जाडी, नळ्यांचा बाहेरचा व्यास आणि त्या कोणत्या कोनात बाहेर येतात ते. व्यास साधारण १६ किंवा १९ मिलिमीटर असतो, आणि तीन मिलिमीटरचा फरक क्लॅम्प आवळून भरून काढू नये. कोअर किंचित लहान चालतो, कारण रिकामी जागा फोमच्या पट्टीने भरता येते. मोठा असेल तर पेटी कापावी लागते आणि ती पुन्हा हवाबंद होत नाही. भंगारातला वापरलेला कोअर घेऊ नये. त्याच्या नळ्यांच्या आत काय साचले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कोअर स्वस्त पडला तरी डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी पुन्हा पडते.

प्रत्यक्ष काम सुरू करताना इंजिन पूर्ण थंड हवे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे येथे उघडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे ०.९ किलोचे झाकण दाब राखून हा बिंदू ११७-११८ अंशांपर्यंत नेते. गरम इंजिनावर झाकण उघडले तर दाब क्षणात उतरतो, ११० अंशांचे पाणी एकदम वाफ होते आणि चेहऱ्यावर येते. असे भाजणे फार वाईट असते. थंड झाल्यावरही झाकणावर जाड फडके ठेवून ते आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे.

बॅटरीची ऋण तार काढावी. रेडिएटरच्या खालच्या तोटीखाली रुंद पातेले ठेवून पाणी उतरवून घ्यावे आणि ते रस्त्यावर सोडू नये. कूलंटमधले एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. मंडईच्या आवारात, जिथे जमिनीवर भाजी मांडली जाते, गाई फिरतात आणि कुत्री साचलेले पाणी पितात, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

मग बोनेटखालच्या हीटरच्या दोन नळ्या. येणारी कोणती आणि जाणारी कोणती यावर चिकटपट्टीने खूण करावी. रबर वर्षानुवर्षे तापून नळीला घट्ट चिकटलेले असते. ते पकडीने पिरगळून ओढण्याचा मोह आवरावा, कारण खालची पितळी किंवा ॲल्युमिनियमची नळी पातळ असते आणि पिळली जाते. जुना होज नाहीतरी बदलायचाच असतो, म्हणून ब्लेडने त्याला उभी चीर देऊन तो सोलून काढावा. कोअर दुरुस्त करायचा असेल तर ही खबरदारी आणखी महत्त्वाची. त्यानंतर एका नळीत हलकेच फुंकर किंवा कमी दाबाची हवा सोडून कोअरमधले उरलेले पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर काढावे आणि दोन्ही तोंडांना बूच मारावे. हे विसरले की कोअर बाहेर येताना अर्धा लिटर तांबूस पाणी चटईत आणि वायरिंगवर सांडते.

खरा वेळ जातो तो डॅशबोर्डमध्ये. काही पिकअपमध्ये सामानाचा कप्पा काढला की हीटरची पेटी दिसते आणि चार स्क्रूंचे झाकण उघडून कोअर सरळ बाहेर सरकतो. तिथे काम दोन तासांचे. काहींत स्टिअरिंगचा दांडा खाली सोडावा लागतो, मीटरचा संच, रेडिओ, मधला कन्सोल असे सगळे उतरवून पूर्ण डॅशबोर्ड मागे ओढावा लागतो. तिथे पूर्ण दिवस धरावा. घाई करून उपयोग नसतो. जुने प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेले असते, त्याच्या आकड्या जोराने ओढल्या तर तुटतात आणि मग डॅशबोर्ड कायमचा खडखडत राहतो. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलवर फोटो काढावा. स्क्रू ज्या भागातून निघाले त्या भागाच्या नावाच्या वेगळ्या डबीत ठेवावेत, कारण लांबीला वेगळा स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो मागच्या वायरीत शिरतो. हवेच्या झडपांच्या तारा कुठल्या भोकात आणि किती लांबीवर अडकवल्या होत्या तेही टिपून घ्यावे. त्यांची लांबी चुकली तर नवा कोअर असूनही गरम-थंडची दांडी अर्धवटच चालते.

एसी असलेल्या गाडीत हीटर कोअर आणि एसीची कूलिंग कॉइल पुष्कळदा एकाच पेटीत असतात. पेटी बाहेर काढायला कॉइलच्या नळ्या सोडाव्या लागत असतील, तर तिथे थांबून आधी एसीच्या कारागिराकडून यंत्राने गॅस काढून घ्यावा. नट सैल करून गॅस हवेत सोडणे हाताला आणि डोळ्यांना धोक्याचे आहे. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा ओझोनचा थर खाणारा वायू, म्हणूनच मॉन्ट्रियल करारानुसार जगभर त्याचे उत्पादन थांबले.

कोअर निघाल्यावर रिकामी पेटी नीट पाहावी. तिच्यात धूळ, पानांचा भुगा, कधी उंदराचे घरटे सापडते. धान्य-भाजीच्या गाडीत उंदीर नवलाचे नाहीत. ब्लोअरचे पाते साफ करावे आणि झडपांवरचा फोम चुरा झाला असेल तर नवा लावावा. नव्या कोअरच्या चारही कडांना फोमची पट्टी फिरवणे हे किरकोळ दिसणारे काम निकालाला मोठा फरक पाडते: हवा नेहमी सोपी वाट शोधते, आणि कोअरच्या बाजूने फट राहिली तर ती पात्यांतून न जाता तिथूनच गार निघून जाते.

नवा कोअर जोडण्यापूर्वी एक टप्पा राहतो आणि बहुतेक वेळा तोच गाळला जातो: इंजिन आतून धुणे. कोअर कुजण्याचे कारण तिथेच असते. दख्खनच्या बेसाल्टातून येणारे बोअरचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते. ते तापले की क्षार पांढऱ्या खपलीच्या रूपात धातूवर बसतात, आणि इंजिनाच्या सर्वांत तापलेल्या भागांवर सर्वांत आधी. खडकवासल्याहून येणारे नळाचे पाणी त्या मानाने सौम्य असले, तरी त्यात विरघळलेले क्षार आणि क्लोरीन असतेच. घाटात जिथे थांबले तिथले पाणी ओतत राहिलेल्या गाडीत बिडाचा गंज, क्षाराची खपली आणि जुन्या पुडीचा गाळ एकत्र फिरत असतो. शिवाय इंजिन बिडाचे, हेड कधी ॲल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्याचा. असे वेगवेगळे धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की मंद विद्युतघट तयार होतो आणि कमजोर धातू झिजतो. कूलंटमधल्या गंजरोधक द्रव्यांचे मुख्य काम हे थांबवणे आहे. म्हणून ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा युक्तिवाद मुळातच चुकीचा ठरतो.

धुताना दोन्ही हीटर होज मोकळे ठेवून इंजिनाच्या बाजूने स्वच्छ पाणी सोडावे, निघणारे पाणी नितळ होईपर्यंत. मग दिशा उलटी करावी. गाळ जास्त असेल तर रेडिएटर धुण्याचे द्रावण सांगितल्याप्रमाणे वापरावे. दाब मात्र कमी हवा, कारण गाडी धुण्याच्या यंत्राचा फवारा जुन्या रेडिएटरच्या सांध्यांना सोसत नाही. मल्टिमीटर असेल तर नंतर, नवे कूलंट भरून झाल्यावर, एक टोक रेडिएटरच्या पाण्यात आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून पाहावे. सुमारे ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर पाणी निकामी आहे, किंवा एखाद्या विजेच्या भागाची अर्थिंग तुटली आहे आणि प्रवाह पाण्यातून वाट काढतो आहे. सैल अर्थ वायरमुळे नवा ॲल्युमिनियमचा कोअर अल्पकाळात छिद्रांनी भरून जातो, आणि दोष कोअर बनवणाऱ्यावर जातो.

जोडणीला नवा होज आणि स्क्रूचे नवे क्लॅम्प वापरावेत. क्लॅम्प नळीच्या टोकावरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला यावा आणि रबर दबेपर्यंतच आवळावा. प्लॅस्टिकच्या नळीवर जास्त आवळले तर ती तडकते, आणि तडा दिसतो तो गाडी तापल्यावर.

भरण्यासाठी एथिलीन ग्लायकोलचे कूलंट आणि बॅटरीत घालतात तसले क्षारविरहित पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो, ज्याचा पुण्याला उपयोग नाही. पण उकळबिंदू साध्या पाण्यापेक्षा आठ-एक अंशांनी वर जातो आणि गंजरोधक पुरेसे मिळतात. शुद्ध कूलंट ओतणे चुकीचे, कारण ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले असतात. रंग जुळला म्हणून रसायन जुळले असे नाही, तेव्हा दोन प्रकार एकत्र करू नयेत.

यानंतर हवा काढणे. गाडीचे तोंड चढाला लावून किंवा पुढची चाके उंच करून, झाकण उघडे आणि हीटरचा कॉक पूर्ण उघडा ठेवून इंजिन संथ चालवावे. मधूनमधून होज दाबावा आणि बुडबुडे येऊन पातळी उतरली की भर घालावी. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम तापतो आणि पातळी पुन्हा खाली जाते. तेव्हा भर घालून झाकण लावावे. हवा अडकून राहिली तर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते आणि हीटर कधी गरम, कधी गार वाहतो. ही सगळी तपासणी डॅशबोर्ड उघडा असतानाच करावी. इंजिन तापलेले, दाब चढलेला, कोअरच्या सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळलेला, आणि अर्ध्या तासाने तो कोरडाच: एवढे पाहिल्याशिवाय एकही स्क्रू परत लावू नये.

कोअर न बदलता दोन्ही होज इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या नळीने एकमेकांना जोडून त्याला वगळण्याचा मार्गही आहे. भाड्याच्या गाडीचा दिवसाचा धंदा बुडवणे परवडत नाही, आणि पुण्याच्या हवेत अशी गाडी वर्षानुवर्षे चालते. गळती सापडली त्या दिवशी हाच उपाय योग्य आहे, कारण पाणी झिरपत ठेवून गाडी चालवली तर इंजिन तापून हेड वाकण्याचा धोका त्याहून मोठा. पण होज जोडावेत, त्यांना बूच मारू नये. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरण्याची वाट हीटरच्या नळ्यांतूनच जाते. ती अडवली तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोहोचत नाही आणि तो उशिरा उघडतो. वगळलेला कोअर पावसाळ्यापूर्वी तरी बदलावा. घाटात धुक्याने आंधळी झालेली काच आणि काट्याला खाली आणण्याचे हातचे गेलेले साधन, या दोन्हींची किंमत त्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा जास्त असते.

बदललेल्या कोअरची गाडी पहिला घाट चढून आली की थंड झाल्यावर पातळी पाहावी. थोडी उतरलेली असते, कारण उरलीसुरली हवा तेव्हाच निघते. क्लॅम्प आठवड्याने एकदा पुन्हा आवळावेत, रबर बसल्यावर ते किंचित सैल होतात. साधे कूलंट दर दोन वर्षांनी बदलावे आणि वाटेत भर घालण्यासाठी मिश्रणाचाच पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवावा. उतरवलेले जुने कूलंट झाकणबंद डब्यात भरून, त्यावर नाव लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. तांब्या-पितळेचा निकामी कोअर असेल तर त्याला भंगारात ॲल्युमिनियमपेक्षा चांगला भाव मिळतो.